तू धुतलास तो शर्ट

आई, परवा शनिवारी मी तुझ्याविषयी माइकवर बोलले. इंग्रजीत, भरल्या मैदानात. टेक्सासमधल्या आपल्या त्या छोट्या गावाने जुन्या चॅम्पियन टीमचा सत्कार ठेवला होता. टीम कधीच बंद पडली, स्टेडियमच्या अर्ध्या जागेवर आता हायस्कूलचं पार्किंग आहे, पण मैदान तेवढं राखलंय. बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, चुकून आलं. तू खेळाडू नव्हतीस, कोच नव्हतीस, स्टँडखालच्या खोलीत बेसबॉलवाल्यांचे कपडे धुवायचीस आणि फाटलेले शिवायचीस. पण ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की तुझ्याबद्दल घरच्या कुणीतरी बोलावं अशी एका खेळाडूची इच्छा आहे. कुठला ते तू ओळखलंच असशील. शुगर लँडच्या माझ्या घरून चार तास ड्राइव्ह करत गेले, लेकीला बरोबर घेतलं, आणि वाटेत पाठ केलेलं सगळं तिथे पोचेपर्यंत विसरले.

ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. दोन वॉशिंग मशीन, धडधडणारा एक ड्रायर, खिडकीखाली शिलाई मशीन आणि कोपऱ्यात लाल मातीने माखलेल्या पँटांचा ढीग. बाबा रिफायनरीच्या लॅबमध्ये शिफ्ट करायचे आणि तू घरात बसून कंटाळली होतीस. नागपूरला इंदोऱ्यात तू सगळ्या वस्तीचे शाळेचे युनिफॉर्म शिवले होतेस, तुला रिकामे हात कुठले सोसायला! स्टेडियमवर शिवणारी बाई पाहिजे असं कळलं तशी तू माझा एक फ्रॉक नमुना म्हणून पिशवीत घातलास आणि चालत गेलीस. तिथल्या बॉसने गुडघ्यावर टराटर फाटलेली एक पँट तुझ्यापुढे टाकली. अर्ध्या तासाने तू ती परत दिलीस तर त्याला फाटलेली जागा सापडेना. पँट उलटी करून, उजेडात धरून पाहिली म्हणे त्याने. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आली. ती तू सेफ्टी पिनने स्वेटरच्या आतून लावायचीस आणि घरी आल्यावरही काढायची नाहीस.

मोठ्या शहरातल्या मराठी लोकांच्या जेवणाला आपण जायचो तेव्हा कुणी ना कुणी विचारायचंच, तुम्ही काय करता? एकदा एक बाई नाक मुरडून म्हणाल्या, "म्हणजे धोब्याचं काम?" मी तर तिथेच टेबलाखाली जायला तयार होते. तू मात्र पानातला वरण-भात कालवत म्हणालीस, "हाव, धोबीण. आन् शिंपीण पण. तुमचं काही फाटलं असेल तं आणा." त्यानंतर त्यांनी खरंच दोन साड्यांचे फॉल आणून दिले आणि तू ते लावूनही दिलेस. तुझ्या जागी मी असते तर फेकून दिले असते, सांगून ठेवते.

त्या वर्षी टीम जिंकतच सुटली. आधी कुणी ढुंकून पाहत नव्हतं, मग सलूनमध्ये, पेट्रोल पंपावर, माझ्या शाळेत, जिकडेतिकडे तीच चर्चा. आणि जिंकायला लागल्याबरोबर त्या दांडग्या माणसांच्या अंगात काय शिरलं देव जाणे. एक जण मैदानावरच्या पांढऱ्या रेघेवर पाय पडू द्यायचा नाही. एक रोज तेच चिकन खायचा, त्याच खुर्चीवर बसून. आणि तिसऱ्या बेसवर उभा राहणारा तो उंच, मानेने जाड, ज्याला तू दांडगोबा म्हणायचीस, त्याने जर्सीच्या आत घालायचा लांब बाह्यांचा शर्ट धुवायचाच नाही असं ठरवलं. धुतला की लक जाणार! तू घरी येऊन बाबांना सांगायचीस, "बाप्पा! हे तं आपल्या गावच्या भगताच्या वरचे निघाले. लिंबू-मिरची तेवढी बांधायची राहिली." आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. पण मला माहीत होतं, ते नुसतं हसू नव्हतं. तू सहा वर्षांची असताना आजीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरी येऊन देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. त्यानंतर वर्षभर घरात कुणी शिंकलं तरी शेजारी म्हणायचे, बघा, कोपले. कुणी कोपलं नाही, आपण शिकलो, इथवर आलो. ही गोष्ट मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की मला तोंडपाठ होती.

फायनलच्या पाच मॅच होत्या, तीन जिंकेल तो चॅम्पियन. पहिल्या दोन आपल्या टीमने परगावी जिंकल्या आणि सगळे आपल्या गावी परतले. शनिवारी सकाळी शाळा नाही म्हणून मी तुझ्याबरोबर आलेय, टेबलावर बसून पाय हलवतेय. तू दांडगोबाच्या जर्सीचं बटण लावायला घेतेस आणि खाली पडलेला तो शर्ट उचलतेस. काखेत पू आणि रक्त वाळून कडक झालंय. तू तो नाकाशी नेतेस आणि तोंड वाकडं करतेस. म्हणालीस, "ह्याले गळू झालं, म्हणून हात वर होऊन नाही राहिला." आणि एका शब्दाने कुणाला न विचारता तू तो गरम पाण्यात टाकलास, साबणाने चोळलास, ब्रश मारलास, बाहेर उन्हात तारेवर टाकलास.

बॉस आला आणि तारेवरचा शर्ट पाहून मटकन बसलाच. "त्याला सांगू नकोस," तो म्हणाला. "थोडी माती चोळ, जागच्या जागी अडकव. त्याला कळणार नाही." तू म्हणालीस, "नो. आय टेल हिम." आणि खरंच सांगितलंस गं! तो आत आला, साबणाच्या वासाने थबकला, आणि तू समोर उभी राहिलीस. त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हतीस. "आय वॉश. यू सिक. शर्ट नो हिट बॉल. यू हिट बॉल." त्याने हातातला बूट भिंतीवर फेकला. मी टेबलाखाली. तू हललीसुद्धा नाहीस. त्याच्या काखेकडे बोट दाखवून म्हणालीस, "डॉक्टर. टुडे." आणि तो जाणार नाही हे ओळखून कोचला जाऊन सांगितलंस. मॅचनंतर डॉक्टरने ते गळू फोडलं, गोळ्या दिल्या.

पण ती मॅच आपण हरलो, आणि रविवारचीही हरलो. आता सगळं सोमवारच्या शेवटच्या मॅचवर आलं. त्या खोलीत तुझ्याशी कुणी बोलेना. जो तो तुझ्याकडे असं पाहायचा जसं तूच तिसऱ्या बेसवर उभी राहून बॉल सोडलास. बॉसने माझ्यासमोर तुला सांगितलं, उद्या हरलो तर तुझी कात्री घेऊन जा आणि किल्ली टेबलावर ठेव. तू मान हलवलीस आणि दांडगोबाचा शर्ट पुन्हा धुवायला टाकलास.

सोमवारी सकाळी, आपलं स्वयंपाकघर. मी दप्तर पाठीला लावून तुझ्यामागे उभी. "आई, तो शर्ट माती चोळून मळका कर ना, आधीसारखा. आजच्या दिवस." तू वळलीस. "काऊन?" "तुला काढून टाकतील." "काढू दे. नोकरी गेली तं दुसरी भेटते वं. डोकं एकदा गहाण टाकलं का सुटत नाही. आन् मळक्या शर्टानं जिंकला, तं त्या पोट्ट्याले जलमभर वाटन का मी घाणीनं जिंकलो. आपल्या घरात भिऊन कोणी हात जोडत नाही. समजलं?" तुझा आवाज इतका चढला की मला रडू फुटलं. मी डबा न घेताच बसकडे पळाले. संध्याकाळी तो डबा उघडला तर आतली पोळी काळी पडलेली. तुझ्या हातची करपलेली पोळी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही.

मॅच बाबांबरोबर पाहिली. शेवटच्या इनिंगला दोन्हीकडे सारखे रन, एक खेळाडू सेकंड बेसवर, आणि बॅटिंगला नेमका दांडगोबा. हात आता मोकळा वर जात होता, मला लांबून दिसत होतं. दोन बॉल चुकले. तिसरा त्याने असा हाणला की दोन फिल्डरांच्या मधून सरळ भिंतीला जाऊन आपटला, आणि सेकंड बेसवरचा धावत होम बेसला पोचला. जिंकायचा रन! स्टँड कोसळतं की काय असा नाच! मी जिना उतरून धावत खाली आले तर तू मशीनवर कुणाची तरी चेन बसवत होतीस. "आई, जिंकले!" "हाव, आयकू आलं. पाय पूस आधी, माती नको आणू." एवढं म्हणालीस आणि मग बाहीने डोळे पुसलेस, मशीनचं तेल गालाला लागलं. थोड्या वेळाने तो आला, डोक्यापासून पायापर्यंत जल्लोषातल्या बियरने भिजलेला. त्याने तो शर्ट अंगातून काढला आणि स्वतःच्या हाताने धुण्याच्या टोपलीत टाकला. मागोमाग बाकीचे आले आणि सगळ्यांनी टाकले. "मेल्यांनी बियरमध्ये बुचकळून आणले," तू म्हणालीस. इतका खूश आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता.

चॅम्पियन टीमच्या फोटोत तू नाहीस. त्या वेळी तू शर्ट धूत होतीस. पण हिवाळ्यात बॉसने तुलाही चॅम्पियनचं जॅकेट दिलं, पुरुषाच्या मापाचं. तू ते उसवून, कापून माझ्या मापाचं केलंस आणि अक्षरं मात्र एकही धागा न हलवता तशीच ठेवलीस. शाळेत मला विचारलं, तुझे डॅड टीममध्ये आहेत? मी म्हणाले, माझी मॉम आहे.

हे सगळं मी शनिवारी सांगितलं. लोक हसले, बूट फेकला तिथे तर फारच हसले. दांडगोबा आता काठी घेऊन चालतो, पुढच्या खुर्चीवर बसला होता. मग त्याने माइक मागून घेतला आणि म्हणाला, "त्या दिवशी आम्ही सगळे घाबरलो होतो. नोकरी मात्र फक्त तिची जाणार होती." माझी लेक फोनवर शूट करत होती, परत येताना म्हणाली, "मॉम, आजी वॉज सो बॅडअॅस." मी तिला ओरडले नाही. आई, मला इतका अभिमान वाटला की गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली.

पण एक गडबड झाली. शेवटी एका बाईने विचारलं, आणि तुम्ही? तुमचा कधीच विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर? मी ताठ मानेने म्हणाले, "नेव्हर. नॉट इन अवर हाउस." टाळ्या पडल्या. तेव्हापासून झोप धड लागत नाही, म्हणून हे लिहितेय. तू गेल्यावर आता पोस्टात टाकायला पत्ता थोडाच आहे.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी ज्या काकूंकडे थांबायचे, त्यांच्या किचनच्या कपाटात सीरियलच्या खोक्याशेजारी गणपती होता. काकू फोनवर होत्या. मी कपाट उघडलं आणि म्हणाले, आईची नोकरी राहू दे, एक नारळ फोडीन. टीम जिंकली आणि नारळ राहूनच गेला. इतकी वर्षं राहिला आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. तुझंच बरोबर होतं, म्हणून मीही हसण्यावारी नेलं. मग नऊ वर्षांपूर्वी तुला ऑपरेशनला आत नेलं. बाबांना म्हणाले, कॉफी घेऊन येते. कॉफी आणली नाही. समोरच्या दुकानातून नारळ घेतला आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सिमेंटवर फोडला. एका झटक्यात फुटला नाही, तीनदा आपटावा लागला, पाणी चपलांवर उडालं. तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येत होतं, की नारळानं ऑपरेशन होत नसते. मला ते तुझ्याइतकंच पक्कं माहीत होतं, आई. तरी फोडला.