टिटवीसाठी बसलेला महादेव

९ जाने., शुक्र.
वि. जाऊन आज महिना. सकाळी मासिक श्राद्ध झालं. प्राजू दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आईची मागची खोली इतक्यात आवरू नका." मी कुठं आवरतोय. दार उघडलं, टर्पेंटाइनचा वास आला, दार लावलं.

११ जाने., रवि.
आज आत खुर्ची नेऊन बसलो. समोर शेवटचं चित्र, तिचं आणि तिच्या जोडीनं चित्रं काढणाऱ्या आप्पाचं, आजऱ्याकडच्या मंदिरासाठी. महादेव मांडी घालून बसलाय. मांडीला लागूनच मुरमाड जमिनीवर टिटवीची अंडी. पलीकडं टिटवी. देव समाधीत नाही. हलला तर अंडी फुटतील, म्हणून बसलाय. हे वि.च्या डोक्यातलं. तिनं सांगितलं तेव्हा आप्पानं ब्रश खाली ठेवला. मग, "अक्का, आतापतोर किती म्हादेव काढलं म्या. ह्यो का बसलाय, ते कुणी इचारलंच न्हाय की."
सगळं पुरं आहे. महादेवाचे डोळे तेवढे कोरे.

१२ जाने., सोम.
वि.चा फोटो अजून फ्रेम होऊन आलेला नाही. फुलं आणली होती, कुठं वाहायची कळेना. मागच्या खोलीत चित्रापुढं निरांजन लावलं. बेल, फूल. चौकटीला गंध. बरं वाटलं.

१५ जाने., गुरु.
आप्पा आला. यंदा आपल्याकडं संक्रांत नाही हे त्याला ठाऊक, तरी तिळाच्या वड्या आणल्या. टेबलावर ठेवल्या. पुढच्या खोलीतच बसला, मागं आला नाही.
देव त्यानं काढायचा, पक्षी वि.नं. एकमेकांच्या भागाला हात लावायचा नाही. फक्त डोळे उलटे. देवाचे वि.नं, पक्ष्याचे आप्पानं. हे कसं ठरलं विचारलं. म्हणाला, "आपल्या हातच्या देवाचं डोळं आपूनच काढलं, तर त्यो आपल्याकडंच बघत बसतोय. अक्का म्हणली, मग पाखराचं बी तसंच."
टिटवीचा डोळा त्यानं वि. दवाखान्यात असताना काढला. मोबाइलवर तिला दाखवला होता. "जिवंत झाली. आता माझी पाळी," म्हणाली. पाळी आली नाही.

२० जाने., मंगळ.
मंदिराचे ट्रस्टी देसाई यांचा फोन. शिवरात्रीला चित्र लावायचं आहे. "पावणं, डोळं मिटल्यालं दाखवा की! ध्यानस्थ! झालं काम." माणूस वाईट नाही. मागं वि.लाही म्हणाले होते, "वैनी, टिटवी अशुभ. मोर करा." वि. म्हणाली होती, "मोराला बघायला सगळं गाव असतं. टिटवीला कोण आहे?" त्यावर चहा न संपवता गेले. पण ऑर्डर मोडली नाही.
मिटलेल्या डोळ्यांचं आप्पाला सांगितलं. "मिटलेलं? मग अंड्यांवर ध्यान कोन ठेवणार, देसायाचा बाप?"

२४ जाने., शनि.
जुनी चित्रं भिंतीला लावून बघत होतो. सटवाई बाळाच्या कपाळावर लिहितेय, आणि पिंगळा पक्षी तिच्या खांद्यावरून वाचतोय. लक्ष्मी दमून घुबडाला टेकलीय, घुबड घरातल्या म्हातारीसारखं जागं. लोक ज्या पक्ष्यांना दारातून हाकलतात तेवढेच वि.नं निवडले, आणि आप्पानं प्रत्येकाला देवाशेजारी जागा करून दिली. कुठं तिचं संपतं आणि त्याचं सुरू होतं, जवळ जाऊनही कळत नाही.
मी चहा घेऊन जायचो. दोघं बोलत नसत. ब्रश खाली ठेवल्याच्या आवाजावरून कळायचं, कुणाचं जमलं ते.

२६ जाने., सोम.
आप्पा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. "अक्काच्या नावानं मीच काढतो डोळं. तिला चालंल." मागच्या खोलीत गेला आणि दारातच थांबला.
"दाजी, ह्ये काय?"
म्हटलं, दर सोमवारी बेल वाहतो.
"पूजा केलासा?"
"हो."
उंबऱ्यावरच बसला. "डोळं उघडायच्या आधीच पुजलासा! आता ह्यो रंग न्हाय ऱ्हायला, देव झाला. माझा हात न्हाय लागायचा. ज्यानं पुजला, त्येनंच डोळं उघडायचं. आमच्यात असंच हाय."
"मला ब्रश धरता येत नाही, आप्पा."
"आन् मला रीत मोडता येत न्हाय."
मग हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. "अक्का असती तर लोळली असती बगा. एवढा शिकल्याला माणूस, आन् आंधळ्या देवाला निरांजन दावतोय."
मीही हसलो. महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा.

३१ जाने., शनि.
आप्पा रोज येतो. जुन्या वर्तमानपत्रांवर डोळे काढतोय. आजचे बघून म्हणाला, "दाजी, म्हादेव हाय त्यो. बांगडा न्हाय."

४ फेब्रु., बुध.
थोडं बरं. पापणी जमते. बुबुळ पळतं.
वि. हे एका श्वासात करायची. मी दारात उभा असायचो आणि...

८ फेब्रु., रवि.
आज आप्पाशी वाद. तो म्हणतो नजर अंड्यांवर हवी. मी म्हटलं, तू काढलेला टिटवीचा डोळा बघ. ती अंड्यांकडं बघतच नाही. देवाकडं बघतेय. उठशील का, म्हणून. मग देवानं तिच्याकडं बघायला नको?
आप्पा चित्रासमोर उभा राहिला. "म्या काढला, आन् मलाच दिसला न्हाय," म्हणाला. मग, "काडा तसंच."
वि.ला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नाही. हे मी ठरवलं.

१४ फेब्रु., शनि.
दुपारी बसलो. तिचाच बारीक ब्रश. आप्पानं हात धरला नाही, कोपराखाली नुसता तळवा ठेवला. डावा डोळा झाला. वि.सारखा नाही. किंचित खाली ओघळलाय. पण टिटवीकडंच बघतो.
आप्पा म्हणाला, "दुसरा आज नगं. हात दमलाय."
उद्या शिवरात्र. देसायांना फोन करायला हवा होता. केला नाही.

१५ फेब्रु., रवि.
देसाई सकाळीच गाडी, घोंगडी, दोऱ्या घेऊन आले. चित्र बघितलं. पुढं आले, परत मागं जाऊन चपला दाराबाहेर काढून आले.
"एकच?"
आप्पा म्हणाला, "दुसरा उघडायलाय."
"कवा उघडंल?"
आप्पानं माझ्याकडं बघितलं. देसाई टिटवीकडं बघत राहिले. "असूं दे," म्हणाले. "आज देवळातल्या जुन्या फोटूला बेल वाहतो. हालवू नका त्याला." आज चहा पूर्ण घेतला. रिकामी गाडी घेऊन गेले.
संध्याकाळी निरांजन हातात घेतलं आणि थांबलो. आप्पा म्हणाला, "लावा आता. एक डोळा उघडाय, एक वात लावा."
एक लावली. दुसरी वळून ठेवली आहे.