मागच्या दोन खोल्या

प्रिय वाल्देमीर दादा,

फोनवर तू बजावलंस, पालिका फुकटचे पैसे वाटते म्हणजे महागाई येणारच, तेव्हा एक तारखेपासून तुझ्या मागच्या खोल्यांतल्या झुलैदेचं भाडं दुप्पट. मी गप्प बसले, कारण ती शेजारीच उभी होती. आता बोलते.

माणशी दरमहा पैसे मिळतात, तेही गावच्याच चलनात. पुलापलीकडे त्याला कुत्रंही विचारत नाही. पहिल्या महिन्यात भाव चढले, कबूल. पण ती आपली जुनी खोड. आठवतं ना, सकाळचा भाव संध्याकाळी नसायचा तेव्हा तू विशीतला, सुपरमार्केटात किमतीच्या चिठ्ठ्या डकवायचं मशीन घेऊन फिरायचास, आणि पगाराच्या दिवशी आई तुझ्यापुढे धावत तेल-तांदूळ उचलायची. पोटच्या पोराने आईला पळवलं, म्हणून लोक चिडवायचे. तर पैसे आले त्या सकाळी गावातल्या सगळ्या साठीच्या बायका तशाच धावल्या. त्यांच्यामागून मीही धावले. दुपारपर्यंत तेल संपलं, ओर्लांदो वाण्याने भाव वाढवला, आणि तू तिकडे साओ पावलोत खूश झालास.

पुढचं तू विचारलंच नाहीस. अंडी महागली तशा निम्म्या गल्लीने कोंबड्या पाळल्या. आता अंड्यांना गिऱ्हाईक शोधावं लागतं. कोपऱ्यावर दुसरं दुकान निघालं आणि ओर्लांदो सुतासारखा सरळ आला. हल्ली मला 'ताई, बसा, कॉफी घ्या' म्हणतो मेला. झुलैदेने तापिओकाच्या धिरड्यांचा तवा मांडला, तिचं बरं चाललंय.

भाडी तेवढी चढली, हे खोटं नाही. खोल्या काही अंडी देत नाहीत, आणि मालकांना आयतं निमित्त मिळालं. पण ते निमित्त तू आपल्या घरात आणलंस, आणि तेही जिने आईचं शेवटचं आजारपण काढलं तिच्यासाठी, याचा मला संताप आलाय. तुझा निरोप ऐकून ती एवढंच म्हणाली, "जुसेलिया, पालिकेला सगळे पैसे त्यालाच द्यायचे होते, तर मला कशाला दिले गं?"

वाटणीत पुढचं घर माझं आणि मागच्या दोन खोल्या तुझ्या. काल झुलैदे खाट-तव्यासकट माझ्याकडे राहायला आली, जुन्याच भाड्याने. खाट उचलायला गल्ली लोटली होती, आणि या भावात तुझ्या खोल्या कोणी घेणार नाही, हे त्यांनी तुला कळवायला सांगितलंय. सोबत तुझी किल्ली पाठवतेय. आता भाडं दुप्पट कर नाहीतर चौपट, मी मध्ये पडणार नाही. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला येशील तेव्हा झोप तुझ्या खोल्यांत, पण जेवायला माझ्याकडेच ये. तापिओका झुलैदे करेल, आणि सगळ्यांकडून घेते तेवढेच पैसे तुझ्याकडून घेईल.

तुझीच, न ऐकणारी बहीण,
जुसेलिया