अपूर्ण अर्ज

४ जुलै, जळगाव
मुलींच्या वसतिगृहाची यादी लागली. सचिव नानांचा धुळ्याहून फोन : "तुमच्या वेबसाइटने काम सोपं केलं, मॅडम. सत्तावीस अर्ज अपूर्ण, आपोआप बाद." बरं वाटलं. तिथेच राहून मी शिकले, म्हणून वेबसाइट फुकट करून दिली. (हे लिहायची गरज होती का?)

६ जुलै
वेबसाइटवरच्या मदतीच्या नंबरवर, म्हणजे माझ्याच मोबाइलवर, दोंडाईच्याहून एका आईचा फोन. "ताई, मन्ही पोरनी बठ्ठं भरेल शे. मन्हा समोर. अर्ज कोरा कसा व्हई?" मुलगी कविता. वसतिगृह नाही तर धुळ्याचं कॉलेज नाही, असं घरी ठरलंय. मी म्हटलं, "सगळं भरलं वाटतं, पण एखादा रकाना राहिला असेल." किती सहज म्हटलं.

७ जुलै
डेटाबेस उघडला. कविताचं नाव आहे, गाव आहे, मग 'ता. शिंदखे'. पुढे काही नाही. सत्तावीसही तसेच.
सगळी उत्तरं एका ओळीत गुंफून एकाच रकान्यात ठेवते मी. रकाना लहान पडला. शेपूट तुटलं की ओळ उलगडत नाही, प्रोग्राम अर्ज कोरा धरतो. देवनागरी अक्षर तिथे इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं. इंग्रजीत भरणाऱ्या आत. मु. पो. ता. जि. सकट मराठीत नीट लिहिणाऱ्या बाहेर. चाचणीत मी नाव 'एबीसी' टाकलं होतं, गाव 'टेस्ट'. तेही इंग्रजीत.

८ जुलै
याहून वाईट. माझंच जुनं टिपण सापडलं. वसतिगृहाने मराठीत भरून पाठवलेला नमुना अर्ज जतन करताना एरर येत होती : मजकूर रकान्यापेक्षा मोठा. दुसऱ्या दिवशी वेबसाइटचं उद्घाटन. मी डेटाबेसची कडक तपासणीच बंद केली. मग जादा मजकूर गुपचूप कापला जाऊ लागला आणि पडद्यावर 'अर्ज जतन झाला'. विसरले होते? की...
नानांना सगळं सांगितलं. "यादीतल्या पोरी बॅगा घेऊन आल्यासुद्धा. त्यांना काढू?" मग हळूच, "वेबसाइट बरोबर होती, एवढं लिहून द्या. तुमचंही नाव राहतं." संताप आला. मग आत आलेल्या पोरींची यादी उघडून एकेक नाव वाचलं.

९ जुलै
दुरुस्तीआधी माझाच सतराव्या वर्षीचा अर्ज मराठीत भरून पाहिला. वडिलांच्या नावाशी तुटला.
रकाना मोठा केला, तपासणी चालू. दहा मिनिटं. तुटलेलं परत येत नाही. बाकी सव्वीस जणींना कळवावं, तर मोबाइल नंबर मी सर्वांत शेवटी विचारला होता.

११ जुलै
नानांचं पत्र आलं. मजकूर तयार, खाली माझं नाव, सहीला जागा.
तेवढ्यात कविताच्या आईचा फोन. "नाव दिखनं का, ताई?"
"दिसलं."
"मंग कव्हय लई येऊ तिले?"
सही केलेली नाही. नाहीही म्हणाले नाही. नानांना नाही, 'कधी आणू' विचारणाऱ्या आईलाही नाही.