दाराआडचं इंग्रजी

७ जानेवारी, मंगळवार

शंभरपैकी एकेचाळीस! मला! चोवीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवतोय मी!

शाळेनं आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांची बोलण्याची परीक्षा घेतली होती – फोनवरून. पलीकडे कोणी बाई. दर दोन वाक्यांनी 'पार्डन?' मला वाटलं, बिचारीला ऐकू कमी येत असेल. मी आवाज चढवला. निकालपत्रात शेरा – व्याकरण उत्तम, बोललेलं कळत नाही.

मुख्याध्यापिका बाई गोड बोलल्या. "सर, तीस तारखेला पुन्हा फोन येईल. साठच्या खाली गेलात तर पुढच्या वर्षी दहावी दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

दादाला म्हटलंसुद्धा, उच्चार म्हणजे नुसते नखरे. समोरच्याला कळल्याशी मतलब! – पण त्या बाईला कळलंच नाही, तीच तर पंचाईत आहे.

८ जानेवारी

जेवणात लक्ष नाही. ही म्हणते, "दहावी गेली म्हणजे काय जीव गेला?" हिला काय सांगू. भाजीवालासुद्धा मला 'दहावीचे सर' म्हणून हाक मारतो. दहावी गेली तर मी कोण, हे मलाच सांगता येणार नाही. भीती वाटते आहे, झालं!

१० जानेवारी

दादानं तोडगा सुचवला. तोडगा खालच्याच मजल्यावर राहतो – वहिनी! मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर वीस वर्षं काढली त्यांनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मी एम. ए., आणि शिकायचं कुणाकडून, तर बारावीवर थांबलेल्या वहिनींकडून?

अडला हरी. गेलो.

"भावजी, मी काय तुम्हाला शिकवणार!" म्हणाल्या. हातातला कप विसळून ठेवला. मग, "उद्या पाच वाजता या." वहिनी मुळातच अबोल. अठ्ठावीस वर्षांत माझ्याशी कधी चार वाक्यांच्या वर गेल्या नाहीत.

११ जानेवारी

पहिला तास. त्या स्वयंपाकघरात, मी बाहेर, मध्ये बंद दार! "फोनवर हात दिसत नाहीत, भावजी. तुम्ही निम्मं हातांनी बोलता." मी इंग्रजीत काम सांगायचं, त्यांना कळलं तरच त्या करणार.

चहा सांगितला. आतून – "पार्डन?" पुन्हा सांगितला. "पार्डन?" सातव्यांदा कपबशी वाजली. घसा इतका कोरडा पडला होता की चहा अमृत वाटला.

मग माझंच वाक्य त्यांनी आतून म्हणून दाखवलं. मी दाराला कान लावून उभा. असं इंग्रजी आमच्या घरात होतं आणि मला पत्ता नाही!

१५ जानेवारी

"तुम्ही सगळी अक्षरं सारख्याच जोरानं म्हणता. एकावर भार द्या, बाकीची हलकी सोडा. ऐकणारा त्या भारावरून शब्द ओळखतो." 'डेव्हलप'मध्ये मी थेट 'डे'वर जाऊन बसतो. भार त्याच्या पुढे! 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, आणि 'फोटोग्राफर' म्हटलं की टुणकन दुसऱ्यावर!

घरी येऊन डिक्शनरी उघडली. प्रत्येक शब्दाशी भाराची बारीकशी खूण आहे. इतकी वर्षं ती मला छपाईतला डाग वाटत होती – हे फक्त इथंच लिहितो.

१८ जानेवारी

सगळं घर चेकाळलंय. दादा पेपर वाचता वाचता मध्येच 'डिव्हेलप!' ओरडतो. मी मीठ मागितलं की ही म्हणते, "पार्डन?"

वहिनी मात्र एकदाही हसल्या नाहीत. काल एक शब्द मी नऊ वेळा चुकलो. नवव्यांदाही तितक्याच शांतपणे – "परत एकदा, भावजी." त्यांच्या जागी मी असतो तर पोट धरून हसलो असतो. वर्गात हसतोच. माझ्या नकला शाळेत प्रसिद्ध आहेत, पोरं अगदी लोळतात.

२१ जानेवारी

पहिल्या झटक्यात चहा!! बिस्किटंसुद्धा!

२५ जानेवारी

आज वहिनी स्वतःहून बोलल्या. एकदा हॉटेलातल्या एका पाहुण्याच्या छातीत कळ आली. त्यानं फोन लावला तो यांनाच. डॉक्टर येईपर्यंत त्याला काय करायचं ते सांगायचं होतं. "तो धापा टाकत होता. पुन्हा विचारायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तिथं कसले नखरे, भावजी? एकदा सांगितलेलं कळायला हवं, एवढंच."

'नखरे' हा माझा शब्द. दादानंच पोहोचवला असणार. खाली मान घालून जिना चढलो.

३० जानेवारी

फोन झाला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बोललो. बाई एकदाच 'पार्डन' म्हणाल्या. तेही मध्येच मला शिंक आली म्हणून!

३ फेब्रुवारी

चौऱ्याहत्तर!!! दहावी माझीच!

दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो. दादानं मिठीच मारली. मी वहिनींना म्हटलं, "एवढं सोनं आणि कुलपात! घरात कधी एक इंग्रजी शब्द बोलला नाहीत, तो का?" त्यांनी नुसता चहाचा कप पुढे केला.

४ फेब्रुवारी

सकाळी वहिनी जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "काल विचारलंत ना? लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात जेवताना एक इंग्रजी शब्द बोलले होते. तुम्ही माझी नक्कल केलीत. सगळे हसले."

मला काही म्हणजे काही आठवत नाही. विचारलं – कोणता शब्द?

"राहू द्या, भावजी. तो मी अजूनही म्हणत नाही."