शिंपल्यांची जागा

पापडी, वसई
१४ नोव्हेंबर १९५६

प्रिय रोझलीन,

अनेक आशीर्वाद. तुझं नैरोबीहून आलेलं पत्र पोचलं. गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. केळीचे घड उतरवले, विहिरीला पाणी चांगलं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझं तोंड जरा कमी चालेल, असं सिस्टरांना वाटलं होतं. त्यांची निराशा झाली.

जानेवारीच्या बोटीने येतेस आणि आल्याबरोबर बाळाची जागा बघायची म्हणतेस. पीटर गेल्यावर आता नवऱ्यापासून लपवायचं राहिलं नाही, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी गावची बातमी. किल्ल्यात देशोदेशीच्या कलाकारांचा मेळा भरलाय. ज्या पडक्या चर्चांकडे आजवर शेळ्यांशिवाय कुणी फिरकलं नाही, तिथे इंजिन लावून विजेचे दिवे सोडलेत. एका जपानी बाईने कमानींवर कोळ्यांची जाळी टांगली आहेत. पाचूबंदरच्या कोळणी विचारतात, "वाळली असतील, काढनार कधी?" एक चित्र नुसतं काळं. मेळ्याच्या मुंबईकर सेक्रेटरीबाईंना मी विचारलं, हे अजून पुरं व्हायचंय का? त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

आता लिहिते. तुझ्या लग्नाआधी बाळ झालं आणि गेलं, त्या दिवसांत तू तापाने फणफणली होतीस, म्हणून सगळं सांगते. बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल दफनभूमीत घेत नाहीत. अशी मुलं आपल्या बायका किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये नेतात. छप्पर गेलं तरी ती माती एकदा आशीर्वाद दिलेली आहे, असं बायजा सुईण म्हणायची. क्रूस नाही, नाव नाही. कालवाचा एक पांढरा शिंपला जमिनीत पालथा दाबायचा. तुझ्या बाळाचा मी दाबला. दर वर्षी मृतांच्या दिवशी तिथे मेणबत्ती लावत आले.

यंदा गेले तर शिंपला नव्हता. एकही नव्हता. हॉलंडच्या एका शिल्पकाराने नेमका तिथेच आपला उंच दगड उभा केला होता. पायाचा खड्डा खणून ती माती चर्चभर पसरली होती, वर रोलर फिरवला होता. आणि शिंपले? ते त्याला सुंदर वाटले. सगळे वेचून त्याने चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये नक्षीसारखे बसवले होते.

श्रीपत मुकादमाला म्हटलं, "तुला तरी कळू नये?"

"टीचर, आमच्यात ही रीत नाय. सायबानं सांगितलं तशी पानी मारून माती दाबली."

मग मी कॉन्व्हेंटचं सगळं इंग्रजी बाहेर काढलं. सेक्रेटरीबाई शांतपणे म्हणाल्या, "इथे मुलं पुरली आहेत असं एका तरी आईने पुढे येऊन सांगावं. उद्या पाहुणे येणार. ऐकीव गोष्टीवर काम फोडता येणार नाही."

आपल्या गावच्या बायका तिथेच होत्या. मार्गारेटने पदर तोंडाला लावला, मेरी भिंतीकडे वळली. दोघींचे शिंपले तिथे होते हे मला ठाऊक आहे. पण त्यांना सासर आहे, लग्नाच्या मुली आहेत. मला काय, ना नवरा ना मूल, नुसती पेन्शन.

मी म्हणाले, "इथे माझं मूल आहे." तोवर इंग्रजीत भांडत होते, हे मात्र मराठीत निघालं.

काय झालं ते कुणीतरी त्या शिल्पकाराला सांगितलं.  तो छिन्नी घेऊन एकेक शिंपला स्वतः काढत राहिला. काही फुटले. टोपलीत भरून माझ्यापुढे ठेवले, पण माझ्या तोंडाकडे बघेना. त्याच्यासाठी मी चांगले शब्द पाजळून नेले होते, ते तसेच राहिले.

शिंपले मिळाले, रोझलीन, पण जागा गेली. कुठला कुणाचा, तेही सांगता येत नाही. त्या मातीवरून आता लोक बूट घालून चित्रं बघत फिरतात. तू आलीस की बोट दाखवून "इथे" म्हणणं मला जमणार नाही. एवढं लिहायला इतके दिवस घेतले.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आलोशियसची बायको दाराशी म्हणाली, "आम्हाला केवढी शिस्त शिकवायच्या तुम्ही, टीचर." मी म्हटलं, "अजून शिकवते. पदर नीट घे डोक्यावर." घरी आले आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

तू येऊन खरं सांगायचं नाहीस. तुझ्याही मुली आहेत, आणि एकदा बोललेलं मी मागे घेत नाही.

पण ये. दोघी जाऊ. लोक म्हणतील, मावशी आफ्रिकेहून आली, आणि रडतेय का म्हणून बघतील माझ्याकडे. तुझ्या बाळाची जागा मला राखता आली नाही, वर तुझं रडणंही मी घेऊन बसले. ते तुला परत कसं द्यावं, मला सुचत नाही. गावात हे आता कुठेच म्हणता येणार नाही, म्हणून निदान या कागदावर सही करते,

तुझ्या बाळाची मावशी,
पॉलिन