माझा रिसर्च इंटरेस्ट: दगडमातीची घरं

३० मार्च, पाडवा.
संकल्प: यंदा असोसिएट प्रोफेसर. आमचं सगळं सिव्हिल डिपार्टमेंट काँक्रीटमध्ये रुतलंय. मी आजच वेबसाइटवर माझा रिसर्च इंटरेस्ट बदलला: दगडमातीची घरं आणि भूकंप. लातुरात बसून दुसरं काय करायचं? पन्नास घरांचा सर्व्हे, एक पेपर, मुलाखत, काम फत्ते. गावही निवडलं, औशाच्या पुढचं बोरखेडी. लॅबमधल्या जुन्या नकाशावर ठळक दिसतं. रविवारी निघतो.

६ एप्रिल.
ऊन लई. संशोधक जगला तर संशोधन. पुढच्या रविवारी नक्की.

१३ एप्रिल.
स्टँडपर्यंत गेलो. बसला जागा नाही, आणि माझी कंबर. परत आलो. पण आपल्याकडचं घर म्हणजे काय, हे मला बघायला जावं लागतं का? रुंद भिंती, वर माळवद, त्यावर हातभर माती. कूलरसमोर बसून सर्व्हेच्या तक्त्यात पन्नासच्या पन्नास घरं भरली. पेपर जिवंत वाटावा म्हणून एक मुलाखतही टाकली. केवळाबाई, वय सत्तर. म्हणतात, रातीला भिंत कुरकुरते. नाव आपोआप सुचलं. प्रतिभा म्हणतात ती हीच.

१५ एप्रिल, दुपार.
जरा डोळा लागला. दारात एक म्हातारी. लुगड्याला माती, केसांत माती. म्हणाली, मास्तर, भित मोजाया कवा येता? ॲसिडिटी. बायको म्हणते भजी सोडा.

१७ एप्रिल.
स्टाफरूममध्ये टक्क जागा होतो. कानाशी तोच आवाज, लई येळ लावला मास्तर. मागोमाग माती सांडल्यासारखं झालं. वर पाहिलं तर स्लॅब. घाबरलो, हे फक्त इथं लिहितो. एचओडी मृत्युंजय सरांना नुसतं आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, विषयात इतकं बुडू नका. फार बरं वाटलं.

२१ एप्रिल.
बायको मालविका म्हणते, एकदा त्या गावाला जाऊन तरी या. पेपर झाल्यावर गेलं की निष्कर्ष बिघडतात, हे तिला कोण समजावणार? सध्या दिवा लावूनच झोपतो. कारण वाचन.

२४ एप्रिल. मुलाखत.
नांदेडहून तज्ज्ञ आल्या होत्या, डॉ. बुद्धप्रिया मॅडम. पेपर बारकाईनं वाचलेला. म्हणाल्या, बोरखेडी माझं गाव. मनात म्हटलं, झालं काम! मग म्हणाल्या, त्र्याण्णवच्या भूकंपात सगळं गाव पडलं. उरलेल्यांना सरकारनं लांब नव्या जागी नेलं. जुन्या गावात तेव्हापासून एक भिंत उभी नाही. मी पाणी प्यालो. पुढे म्हणाल्या, आमच्यात केवळाबाई तिघी होत्या. एक वेशीतली, एक मधल्या आळीतली, एक बारवेजवळची. तिघीही त्या पहाटे गेल्या. तुम्ही कुणाशी बोललात?

सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, मधल्या आळीतल्या.

मॅडमनी पेपर मिटला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ती माझी आजी. कशी हाय?