नववा सामना

ट्यूनिस, १५ डिसेंबर २०२४

चि. मोंसेफ यास आशीर्वाद, तेही सवयीने.

शनिवार, १४ डिसेंबर, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. आईला डोळ्यांच्या दवाखान्यातून सोडलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. तू आलास सहा वाजून पाचला. तोवर ती स्फाक्सच्या गारठ्यात, फाटकाजवळच्या बाकावर. पहारेकऱ्याने तिच्या बटव्यातला माझा नंबर शोधून फोन केला. मुलगा खरंच आहे की नुसता कागदोपत्री, असं विचारत होता. आई म्हणते, तू औषधं आणायला गेला होतास. ब्याऐंशीव्या वर्षी तिला खोटं बोलायला लावलंस. कुठे होतास?

तुझी बहीण,
नजिबा

स्फाक्स, १७ डिसेंबर

ती. नजिबाताईस सा. सलाम.

कॅफेत होतो. सट्ट्याच्या एका चिठ्ठीवर फुटबॉलचे नऊ सामने लावले होते. एकाचा भाव पुढच्याला गुणतो. दहा दिनारचे दीडशे झाले असते. फक्त सगळे जिंकावे लागतात. आठ आले होते, ताई. नववा तुर्कस्तानातला, त्यात आपल्या संघाने शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला. आठवरच थांबणार होतो, पण नऊ लावले की सट्ट्याचं दुकान जिंकलेल्या रकमेवर दहावा हिस्सा वर देतं. आणि नववा संघ आईनेच निवडला. दर शनिवारी मी नावं वाचतो, ती बोट उचलते. निकाल लागल्यावरच ये, असं तीच म्हणाली होती. तिला तुझ्याकडे नेलंस, तर तिथे तिसऱ्या मजल्यावर तिच्याशी भांडायला कोण आहे?

टॅक्सीवाल्याबरोबर हरिसा पाठवतोय, तुझी आवडती लाल मिरचीची चटणी. रागासकट लोभ असू दे.

मोंसेफ

ट्यूनिस, १९ डिसेंबर

चि. मोंसेफ यास आशीर्वाद.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं; मला ते मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी छडीने शिकवलं होतं. एकेक अंदाज दहात सातदा बरोबर येतो असं धर. नऊ वेळा गुणल्यावर उरतात शंभरात चार. नऊपैकी आठ बरोबर, म्हणजे माझ्या वर्गात तू पास. त्या दुकानात शून्य. प्रत्येक भावातून दुकान आधीच कापून घेतं, आणि नऊदा कापून दहावा हिस्सा परत दिला की तुला तो दिलदार वाटतो.

आईला संघ कळत नाहीत रे. तू शेजारी बसतोस म्हणून ती बोट उचलते. माझ्याकडे तिच्याशी भांडायला कोणी नाही हे खरं आहे, म्हणून तर ती तुझ्याकडे आहे.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन २८ला, पुन्हा शनिवारीच. त्या दिवशी चिठ्ठी लावणार नाहीस, चारच्या आधी फाटकाशी उभा असशील, असं लिहून दे. नाहीतर २७ला येऊन मी तिला घेऊन जाईन. ते मलाही नको आहे. थकले आहे मी. लोभ काही कमी होत नाही, हीच अडचण.

उत्तर लेखी हवं, रविवार २२ डिसेंबर, दुपारी बाराच्या आत. फोन करू नकोस. फोनवर तू मला हसवतोस.

नजिबा